कडू दाण्यांचा डबा

याडी,

तुझ्यावर मला राग आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे लेक आठवण काढून रडत बसली आहे असं तुला वाटायला नको. रडणं कधीच उरकलं. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आता माझेच केस कानाजवळ पांढरे झाले आहेत. मी यवतमाळला प्रयोगशाळेत यकृताच्या आणि आतड्यांच्या आजारांवर संशोधन करते. कुणी विचारलं की सांगते, माझी आई यकृताच्या आजारानंच गेली. ऐकणारे हळहळतात, म्हणतात, आईसाठी केवढं केलंत. कसलं आईसाठी! मी चिडून या कामात शिरले आणि अजून चिडलेलीच आहे.

मला नेहमी एकच दुपार आठवते. उन्हाळी भुईमूग निघालेला आहे. आपल्या तांड्यावरच्या घरात, चुलीशेजारी तू मांडीवर सूप घेऊन बसली आहेस आणि शेंगा फोडून काढलेले दाणे निवडते आहेस. सगळ्यांत टपोरे बियाण्याला. त्याखालचे दिग्रसच्या बाजाराला. त्याखालचे बापूंना, दादाला आणि मला. आणि उरलेले, म्हणजे आकसलेले, काळे पडलेले, हिरवट बुरशी धरलेले, ते पोचे आलेल्या अॅल्युमिनियमच्या डब्यात. तो डबा तुझा. ते दाणे तू धुवायचीस, उन्हात वाळवायचीस, खरपूस भाजून मिरचीबरोबर कुटायचीस आणि सगळ्यांची जेवणं झाली की भाकरीशी लावून खायचीस. त्या दुपारी मी डब्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. इतका कडू की मी तो तसाच चुलीच्या राखेत थुंकून टाकला. तू हातातलं सूप बाजूला ठेवलंस आणि माझ्या थोबाडीत दिलीस. "अन्न थुकतं काय व? लक्षुमी हाये ते!" मी शाळेत जायला लागल्यापासून तू माझ्याशी आपल्या बोलीत बोलायचं सोडलं होतंस, मास्तर हसतात म्हणून, रागवायचीससुद्धा वऱ्हाडीतच. त्या दिवसापासून डबा वरच्या फळीवर गेला, माझा हात पुरणार नाही इतक्या उंच. मला वाटायचं, याडी एकटीच काहीतरी चांगलंचुंगलं खाते.

मी होस्टेलला निघाले तेव्हा तू मला पिशवीभर भाजलेले दाणे दिलेस. एकेक निवडलेला, एकही सुरकुतलेला नाही. मैत्रिणी म्हणायच्या, तुमच्याकडचे दाणे किती गोड गं. मीही फुशारून म्हणायचे, आमच्या शेतातलेच आहेत. आज त्या पिशवीची आठवण आली तरी तळपायाची आग मस्तकात जाते. मला दिलेल्या प्रत्येक ओंजळीमागे तुझ्या डब्यात काय पडत होतं, ते आता मला कळतं. कोणी मागितलं होतं तुला एवढं निवडून द्यायला? आणि बापूंचाही राग येतो. बाजारात दाण्याचा रंग पाहून भाव सांगणारा माणूस, त्यानं शेजारी बसून जेवणाऱ्या बायकोच्या ताटात एकदाही वाकून पाहिलं नाही. शेजारी तरी कुठली, तू नंतर बसायचीस.

त्या हिरवट बुरशीत एक विष असतं, याडी. ते धुऊन जात नाही, उन्हानं उडत नाही, भाजून पुरतं जळत नाही. थोडं थोडं करून वर्षानुवर्षं पोटात जात राहिलं की यकृतात गाठ धरू शकते, आणि आधीची एखादी कावीळ रक्तात दबून बसलेली असेल तर जास्तच. तू धुतलंस, वाळवलंस, भाजलंस. तुझ्या परीनं सगळं नीट केलंस आणि त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं. हे मला पुस्तकात पहिल्यांदा वाचायला मिळालं, तेव्हा मी पुस्तक भिंतीवर भिरकावलं होतं.

तुझं पोट फुगायला लागलं ते तू ओढणीखाली लपवलंस. डोळे पिवळे झाले तेव्हा दादा तुला कळंबच्या बाजूला एका गावी कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेला. त्यानं डोक्यावर ओल्या काड्यांची माळ ठेवली. ती लांबत लांबत गळ्यात उतरली आणि तू खूश. मला म्हणालीस, "उतरली पाह्य, सारी उतरली!" काड्या वाळल्या की गाठी सैल होतात आणि माळ आपोआप लांबते, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. तू हसलीस. शेवटी यवतमाळच्या डॉक्टरांनी पोटाचा फोटो पाहिला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, गाठ मोठी आहे, ऑपरेशनची वेळ गेली, पण सुईनं छोटासा तुकडा काढला तर नेमकं काय आहे ते कळेल. तू पलंगावर उठून बसलीस. "माह्या अंगातलं काही काढू नका. आली तशी पुरी जाईन मी." मी हात जोडले, भांडले, जेवण सोडलं. तू ऐकलं नाहीस. पुरीच गेलीस, आणि काय झालं होतं ते सोबत घेऊन गेलीस.

आता नागपूरच्या ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे यकृताचे तुकडे येतात, बर्फात घालून. कुणाकुणाचे असतात. सर्जन गाठ काढतात, घरचे सही करतात, आणि बोटाच्या पेराएवढा तुकडा माझ्यासमोर येतो. त्यात मी तेच विष शोधते. त्या विषानं पेशींवर केलेल्या खुणा शोधते. कधी सापडतात, कधी नाही. फ्रीजरमध्ये अनोळखी माणसांची ओळीनं यकृतं ठेवलेली आहेत आणि त्यात तुझं नाही. तुझ्या डब्यानंच तुला नेलं का, हे मी छातीठोकपणे कधीच सांगू शकणार नाही. संशोधन करणाऱ्या लेकीला यापेक्षा मोठी शिक्षा तू शोधूनही देऊ शकली नसतीस.

यंदा आम्ही गावोगावच्या घरांतले दाणे तपासायला घेतले. आर्णीकडची गावं झाली, मग मी मुद्दाम आपला तांडा मागून घेतला. घरोघर फिरून सांगितलं, तुम्ही खाता ते दाणे वाटीभर द्या. बायकांनी कौतुकानं दिले. तपासणी झाली आणि सगळे नमुने स्वच्छ निघाले. कशात काही नाही. आमचे प्रमुख म्हणाले, चला, तुमच्या भागातली माणसं नशीबवान आहेत. मी कागद हातात घेऊन बसले. मग उरलेल्या नमुन्यांच्या पिशव्या उघडून पाहिल्या. टपोरे, लाल, एकसारखे. एकही सुरकुतलेला नाही. याडी, मला होस्टेलला दिलेली पिशवीच होती ती!

दुसऱ्याच दिवशी एसटीनं तांड्यावर गेले. दादाची बायको, माझी भोजाई, दारातच भेटली. मी चपलाही काढल्या नाहीत.

"भोजाई, खाता ते मांगतले होते मी, इकता ते नाई!"

"ताई, काहून ओरडून राह्यल्या? पाहुण्याले किडके दाणे देत असते काय कोणी? तपासाले नेता म्हणून सारी दुपार निवडत बसलो आमी बाया."

"आन् तुमी काय खाता?"

तिनं नुसतं फळीकडे पाहिलं. तिथं तुझा डबा होता. पोचे तेच, झाकण तेच. मी स्टुलावर चढून तो काढला. उघडल्याबरोबर तोच कोंदट वास आला. वाटीभर दाणे पिशवीत बांधले आणि उरलेले परसात खड्डा करून पुरायला निघाले. फेकले असते तर शेळ्यांनी खाल्ले असते. भोजाई मागोमाग आली. "याडीनं कधी फेकलं नाई," ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणूनच तर गेली. तेव्हा तिचाही आवाज चढला. "हे खाल्लं म्हणून चांगलं बाजारात गेलं, ताई. त्याच्यावरच शिकल्या तुमी. आता माह्या पोरीची फी तुमी भरता काय?"

मी खड्डा बुजवला. तिला दटावून यवतमाळला आणलं, रक्त तपासलं, पोटाचा फोटो काढला. सध्या तरी काही नाही. डब्यातल्या दाण्यांचा निकाल मात्र माझ्या अंदाजापेक्षाही वाईट आला. प्रमुखांसमोर तो कागद आपटला आणि सांगितलं, नमुने पुन्हा गोळा करायचे, आणि या वेळी फळीवरचे. परवा भोजाईचा फोन आला, डबा घासून त्यात मीठ भरलं म्हणाली. खरं असेल, किंवा माझं मन राखायला म्हणत असेल. तिला तुझ्याच हाताखाली वळण लागलेलं आहे.

हे सगळं मी कुणासाठी लिहिते आहे कोण जाणे. तुला येणारं एखादं पत्रसुद्धा वाचून दाखवायला मीच लागायचे. तेव्हा हे इथंच राहील, माझ्या टेबलाच्या खणात. एक गोष्ट तेवढी कुणाला सांगितलेली नाही. रविवारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दाणे खात होते, दुकानातून आणलेले. त्यात एक कडू लागला. घरात कुणी नव्हतं, बेसिन हाताशी होतं, आणि त्या कडूपणाचा अर्थ या जिल्ह्यात माझ्याइतका कुणाला कळत असेल असं वाटत नाही. तरी माझा गाल गरम झाला, आणि मी तो दाणा चावून गिळला.