शेतसाऱ्याच्या पावतीवरचे नाव

॥ श्री वीतरागाय नमः ॥

निपाणी, रविवार, ता. ७ फेब्रुवारी १९३७
सकाळचे सव्वासात. वखारीत तंबाखू भरून शिवलेल्या बोदांवर नंबर घालून, हात साबणाने दोनदा धुऊन लिहायला बसलो आहे.

ती. मामांच्या सेवेसी, कुंथुनाथचे शि. सा. न. वि. वि.

येथे सर्व खुशाल. आव्वाचा गुडघा तेवढा कुरकुरतो. आपली भाची चंपा हिच्या लग्नाची पत्रिका आपण शहापुरात छापून घेणार, म्हणून मजकूर सोबत पाठवीत आहे. चार वेळा शुद्ध लिहून काढला. तारीख १८ मार्च, मुहूर्त, मांडव कोठे, सर्व तपासले. फक्त निमंत्रकाची ओळ कोरी आहे, आणि त्या ओळीने माझी झोप नेली.

आप्पांनी मुनिदीक्षा घेतली त्याला सहा वर्षे झाली. "श्री. नेमाण्णा मगदूम" आपणांस बोलावतात असे छापावे, तर ज्यांनी घर सोडले ते लोकांना घरी या म्हणून कसे बोलावतील? दीक्षेचे नाव घालावे, तर महाराजांना पुन्हा संसारात ओढल्यासारखे होईल. नाव गाळावे, तर कोगनोळीचे व्याही रायगोंडा पाटील ऐकत नाहीत. ते म्हणाले की मुलीचा बाप परागंदा झाला अशी भाऊबंदांत कुजबुज आहे. पत्रिकेत बापाचे नाव दिसले पाहिजे, नाहीतर लग्न पुढच्या वर्षी बघू. चंपाने हे दाराआडून ऐकले. तेव्हापासून तिची प्रत्येक भाकरी एका बाजूने करपते.

आव्वाचे नाव घालावे म्हटले तर त्याआधी सौ. लिहू की गं. भा.? दोन्हीला हात धजत नाही. मामा, माझी शाळा पाचवीत सुटली. शब्द शुद्ध लिहिता येतात, पण कोणता लिहावा ते कळत नाही. मार्ग सुचवावा आणि माया आहे तशीच राहू द्यावी.

आपला आज्ञाधारक
कुंथुनाथ

शहापूर, बेळगाव, ता. ११ फेब्रुवारी १९३७

चि. कुंथुनाथ यास भुजबलीचे अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर इतके नेटके की मामी म्हणाली, दुकानात टांगून ठेवा, गिऱ्हाईक वाढेल. बाप घर सोडून गेला, तू अंथरूण सोडलेस. घराण्याचा गुण म्हणायचा.

मी तोड काढली आहे. निमंत्रक म्हणून माझे नाव, आणि चंपा ही "नेमाण्णा मगदूम यांची कन्या", मागे श्री. वगैरे काही नाही. कोणाची मुलगी हे तर दीक्षेनेही बदलत नाही. छापखान्यातून नमुना आला तो सोबत आहे. माझा चष्मा फुटला आहे, म्हणून मी वाचलेला नाही. तू डोळ्यांत तेल घालून वाच. धोंडूआक्काला म्हणावे, भाऊ आहे अजून.

तुझा मामा,
भुजबली

निपाणी, बुधवार, ता. १७ फेब्रुवारी १९३७
रात्रीची भांडी घासून झाली, आव्वा आताच निजली.

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

नमुना आला. मी आव्वाला वाचून दाखवीत होतो आणि मध्येच जीभ थांबली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने निमंत्रक मामा पाहिला, बापाच्या नावामागे श्री. नाही हेही पाहिले, आणि आपल्या मनाने "कै. नेमाण्णा" असे जुळवले. चंपाने कागद ओढून वाचला आणि खाली बसली. आव्वाला सांगावेच लागले.

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या काकूंबरोबर गाडीने बोरगावला गेली. महाराजांचा मुक्काम सध्या तेथे आहे. ती निघताना मी बजावले की पत्रिकेवर काय घालायचे ते एकदा विचारून ये. काल परतली. महाराज दिवसातून एकदाच आहाराला निघतात. ती इतर बायांसारखी पाण्याचा कलश घेऊन एका दारात उभी राहिली, आणि ते त्याच दारात थांबले. तिने त्यांच्या ओंजळीत दूधभात वाढला. त्यांनी ओळख दाखवली नाही, तिने मागितली नाही. मी विचारले की मग पत्रिकेचे काय? तर म्हणाली की खुळा हाईस काय रं, आहाराला आलेल्या महाराजांपुढं कुणी घरचं गाऱ्हाणं काढतं व्हय?

मग तिने पत्र्याची पेटी आणायला लावली आणि शेतसाऱ्याची पावती काढून नाव वाच म्हणाली. आप्पांनी घर सोडले तेव्हा मी वयाने अज्ञान होतो, म्हणून जमीन तिच्या नावे झाली. तलाठ्याने लिहिले आहे, "धोंडूबाई नेमाण्णा मगदूम". आधी सौ. नाही, गं. भा. नाही, आप्पांना श्री. नाही आणि कै. तर नाहीच. सहा वर्षे वाचतो आहे, पण माझ्या ध्यानात आले नव्हते. आव्वा म्हणाली की याच नावानं सारा भरला, तंबाखू इकली, तुम्हाला खायला घातलं. आता याच नावानं मांडव घालीन. सरकारला चालतंय ते वऱ्हाडाला न चालायला काय झालं?

मला एकदम हलके वाटले, पण अर्धेच. बाईच्या नावाचे निमंत्रण पाटलांना चालेल का? आपण स्वतः कोगनोळीला जावे. त्यांचा होकार येईपर्यंत छापू नये. राग नसावा.

आपला
कुंथुनाथ

शहापूर, ता. २२ फेब्रुवारी १९३७

चि. कुंथुनाथ यास आशीर्वाद.

काल मोटारीने कोगनोळीला जाऊन आलो. रायगोंडांनी मजकूर तीनदा वाचला, उठून गोठ्यापर्यंत फिरून आले आणि म्हणाले की बाईमाणसाच्या नावानं बोलावणं आमच्यात कधी आलं न्हाय. तेवढ्यात पाटलीणबाई आतून म्हणाल्या की वऱ्हाड दारात आल्यावर पाय धुवायला पाणी कोण देणार हाय? तिचंच नाव पायजे. आणि बापाचं नाव पायजे म्हणत होता, ते तिच्या नावात हाय की. रायगोंडा हसले. म्हणाले की खोटं काही न्हाय, भाऊबंदांना मीच वाचून दाखवीन. घोटाळा पुढे झाला: बाईंनी आपल्या बाजूच्या पत्रिकेतही स्वतःचे नाव घालायला लावले आहे.

उद्या छपाई. माझे नाव आता खाली, बारीक अक्षरात, त्याबद्दल मामी खूश आहे. तू झोप.

तुझा मामा,
भुजबली

निपाणी, रविवार, ता. २८ फेब्रुवारी १९३७
दुपारचे तीन. शेवटच्या पत्रिकेला हळदीकुंकवाचे बोट लावून झाले.

ती. मामांस शि. सा. न. वि. वि.

पत्रिका पोचल्या. दोनशे मोजल्या, दोनशे वाचल्या, चूक नाही. काल पाटलांचा गडी येऊन त्यांच्या वाट्याच्या घेऊन गेला. भाकरी करपायची थांबली आहे. आव्वाने आपले नाव कोणते ते विचारले. मी तिचे बोट त्यावर ठेवले. मग आप्पा कुठं म्हणाली. बोट एक शब्द पुढे सरकवले. तिथे ते थोडा वेळ राहिले. एक पत्रिका तिने पावतीबरोबर पेटीत ठेवली. सगळ्यांनी आठ दिवस आधी यावे. मामींनी तर अवश्य.

हिशेब असा:
कागद व छपाई, रु. ७-८-०, आपण भरले, ते देणे.
मोटारभाडे, जाऊन-येऊन, रु. १-४-०, तेही देणे.
टपाल, रु. १-२-०, मी भरले.
खिळे पुन्हा जुळवल्याबद्दल छापखान्याने काही घेतले नाही. तरी आव्वा म्हणते की त्या जुळवणाऱ्याला आपल्याकडून चार आणे द्यावे. त्यानं चुकून कै. लावलं नसतं तर पेटी उघडलीच नसती. देणे, रु. ०-४-०.

आपला
कुंथुनाथ धोंडूबाई मगदूम
(वाचून दाखवले तर आव्वा हसली, म्हणून असेच ठेवले. वखारीत नाव पूर्वीचेच.)