डोकी मोजा!

४ मे, रविवार

चारशे! म्हणे चारशे पोरं! आजच्या पेपरात आमच्या खाटकाचा, कीथ बार्लोचा फोटो – हाताची घडी, पोट पुढे – आणि खाली ठळक अक्षरांत, ‘वरिंगात ऑसी रूल्स फुटबॉल खेळणारी मुलं चारशेच्या वर.’ गावात पोरं आहेत तरी किती? शाळा एकच, त्यात तीनशेसुद्धा नाहीत. बाकीची काय कीथने दुकानात मटणाच्या फ्रीजमध्ये ठेवलीत?

कौन्सिल ठरवणार आहे – ज्या खेळाची पोरं जास्त, त्याला पुढची पाच वर्षं मैदान. दिवे असलेलं मैदान गावात एकच. आम्ही रग्बी लीगवाले, ते कीथचे रूल्सवाले. मैदान गेलं की आमचा क्लब बंद. सरळ हिशोब आहे. म्हणून तर चारशे!

नवऱ्याला, ग्लेनला फोन केला. तो ट्रक घेऊन ॲडलेडकडे. म्हणाला, ‘जनीन, तुला सगळीकडे चोरच दिसतात. मागच्या महिन्यात पोस्टमन होता.’

पोस्टमनचं अजून सिद्ध व्हायचंय.

७ मे

औषधाच्या दुकानातून सुटल्यावर गाडी मैदानामागे लावून बसले. रूल्सवाल्यांचा सराव. अंधार पडेपर्यंत बसले. चारशे सोडा, चाळीस नव्हते! कीथने मला पाहिलं. लांबून हात हलवला. निर्लज्ज.

१० मे, शनिवार

सामन्याचा दिवस. नेहमीप्रमाणे मी कॅन्टीनमध्ये – सॉसेज, कांदा, मीट-पाय, चिप्स. हात भाजला. कॅन्टीनची खिडकी उघडते पार्किंगकडे. बाबांनी स्वतः विटा रचून बांधलं, तेव्हा वाऱ्याचा विचार केला, माझा नाही. सामना मी फक्त ऐकते.

ब्रायनी चिप्स घ्यायला आली.

‘जिंकलात?’

‘हरलो.’

‘तू खेळलीस ना?’

‘हो गं आई.’

तिच्या टीममधली बाकीची पोरं म्हशींसारखी चिखलात माखलेली. आणि हिचे मोजे पांढरेशुभ्र! घरी आल्यावर मशीनमध्ये टाकताना पुन्हा पाहिले. धुवायचीसुद्धा गरज नाही. त्यांचा कोच डेल तिला बाहेर बसवतो, दुसरं काय! दीर झाला म्हणून काय झालं, त्याचा कर्टिस कप्तान आणि माझी पोरगी बाकावर. पाणी मुरतंय.

१३ मे

ब्रायनीच्या पाठीवर पिवळी पिशवी. रूल्सची! आत चेंडू, टोपी, स्टिकर. गेल्या महिन्यातच म्हणे शाळेत त्यांचा माणूस आला होता (आणि हिने पिशवी आजवर लपवली!), तासभर सगळ्यांना चेंडू मारायला लावला आणि पिशव्या वाटून गेला.

‘मजा आली,’ म्हणाली. ‘चेंडू उंच जातो. कोणी पाडत नाही.’

पोरगी फोडायला बघतायत. पिशवी कपाटावर ठेवली. वर, मागे.

१४ मे

सापडलं! सापडलं!! फॉकनरबाई – ब्रायनीच्या वर्गशिक्षिका – खोकल्याचं औषध न्यायला आल्या होत्या. सहज विचारलं. (सहज कसलं!) म्हणाल्या, ‘त्या पिशव्यावाल्याने जाताना अख्ख्या शाळेचा आकडा मागून नेला. हात प्लास्टरमध्ये असलेल्या पोराचाही. बालवर्गातलं एक तर झोपलं होतं.’

म्हणजे झोपलेलं पोरही रूल्सचा खेळाडू! आणि शेजारच्या गावातल्या शाळेतही हाच प्रकार. झाले चारशे. आनंदाने मी त्यांना खोकल्याच्या गोळ्या फुकट दिल्या.

२१ मे, बुधवार

कौन्सिलची सभा. बोलले. सगळं बोलले – पिशव्या, प्लास्टर, झोपलेलं पोर. लोक हसले. कीथचे कान लाल झाले, पण गडी बसेना.

‘आणि फेब्रुवारीत तुमच्या लीगने शाळेत टोप्या वाटल्या, ते काय दानधर्म म्हणून? तुमच्या आकड्यात ती शाळा नाही? आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून!’

ते वेगळं. ते कसं वेगळं, हे तेव्हा सुचलं नाही. म्हणून उभी राहिले आणि म्हटलं, कागद नकोच! शनिवारी मैदानावर या आणि डोकी मोजा. जी टीम उतरेल तिचीच पोरं धरा. माझी स्वतःची पोरगी आमच्या अकरा वर्षांखालच्या टीममध्ये आहे, तिच्यापासून सुरुवात करा!

टाळ्या पडल्या. कौन्सिलच्या बाईंनी मान डोलावली – ३१ तारखेला येते म्हणाल्या. पेपरवाल्या पोरीने माझा फोटो काढला.

बाहेर डेलला गाठलं. ‘ब्रायनीला का बसवतोस रे?’

‘बसवत नाही, वहिनी. असते ती. तिथेच असते.’ आणि माझ्याकडे न बघता गाडीचं टायर बघत राहिला. टायरला काही झालेलं नव्हतं.

२४ मे, शनिवार

सासूबाईंना तव्यापाशी उभं केलं आणि मैदानाच्या बाजूला गेले. आज डेलला रंगेहाथ पकडायचंच.

आमची पोरं खेळत होती. ब्रायनी नव्हती. बाकावरही नव्हती!

स्कोअरबोर्डच्या मागे सापडली. अंगात आमची जर्सी, मांडीवर कुणाचातरी कुत्रा, त्याच्या कानातली कुसळं एकेक काढत बसली होती. मला पाहून हात थांबला.

‘मला नाही आवडत, आई. दणकन आपटतात. गेल्या वर्षीपासून नाही आवडत.’

‘मग मला सांगितलं का नाहीस?’

‘काकांना सांगितलं. ते म्हणाले, नाव राहू दे, एक कमी झालं तर टीम मोडेल. आणि तू सगळ्यांना सांगत होतीस ना, माझी पोरगी लीग खेळते.’

मी शेजारी बसले. कुत्र्याचा दुसरा कान मी घेतला. दोन वर्षं दर शनिवारी तिला चिप्स देतेय. एकदाही वळून पाहिलं नाही.

२५ मे

डेलवर ओरडले. कधी कुणावर ओरडले नसेन इतकं. तो ऐकून घेत होता.

मग म्हणाला, ‘काढ तिचं नाव. खरंच काढ. पण नऊपेक्षा कमी असले तर टीम उतरवता येत नाही, आणि तिला धरून नऊच आहेत. आजवर पंच आपलेच, आठांवर भागवलं. या शनिवारी कौन्सिलची बाई असेल. टीम उतरली नाही तर आठही पोरं धरायची नाहीत – हे तूच मागितलंस, वहिनी. आकडे इतके जवळ आहेत, आठ गेले की मैदान गेलं. मग कर्टिसला आणि बाकीच्यांना तासभर गाडीत घालून कुठे नेऊ?’

कीथला चोर म्हणत होते. त्याने ब्रायनीला एक तास खेळवलं तरी! आम्ही तेवढंही नाही. आणि कुणी विचारलं नसताना, पहिल्यांदाच, ती म्हणाली होती, मजा आली.

तिला जवळ घेतलं. म्हटलं, सोमवारी नाव काढते. ती हसली. केवढं हसली!

२६ मे

उद्या काढते.

२८ मे

दुकानात कर्टिस आला, गुडघ्याला पट्टी हवी होती. ‘काकू, शनिवारी आपण जिंकणार बघा.’ त्याला पट्टी दिली. पिवळी पिशवी कपाटावरून काढून ब्रायनीच्या खोलीत ठेवली. एवढंच केलं.

३० मे, शुक्रवार

ब्रायनीला म्हटलं, उद्या एकदाच, रेषेजवळ नुसती उभी राहा. तिने बूट आणून दाराशी ठेवले. मोजे मी मागच्या नळाखाली चिखलात तुडवून ठेवलेत, दोन्ही.