गल्लीच्या दोन बाजू, दोन दर

३ मार्च, अल-मीना

गल्लीच्या पलीकडच्या बाजूला इंटरनेट परवापासून महिना पस्तीस डॉलर. तिकडचं जाळं चालवणाऱ्या नखलेने स्वतः दुजोरा दिला — दुकानाच्या दारात उभं राहून, पिस्ते सोलत. आमच्या बाजूला अबू तलालचं जाळं, अठरा डॉलर. दोघेही एकाच ठिकाणाहून लाइन घेतात, वेग तोच. मध्ये आठ फुटांची गल्ली. दोघांचं ठरलंय — ती कोणी ओलांडायची नाही. आणि मंत्रालयातला साहेब फोनवर सांगतो, "ग्राहकाला निवडीचं पूर्ण स्वातंत्र्य आहे." आहे ना! घर बदलायचं स्वातंत्र्य!

४ मार्च

समोरच्या इवॉनबाईंकडे जानेवारीपासून माझंच इंटरनेट. दोहा शहरातल्या पोरांना घरबसल्या फ्रेंच शिकवतात, त्यावरच घर चालतं. नखलेचा आधीचा दरही त्यांना झेपत नव्हता. आमच्या बाल्कन्यांमध्ये धुणं वाळवायची दोरी आहे, तिच्यावरून तार नेली. चादरींच्या आड. पैसे घेत नाही. त्यांचे ईस्टरआधीचे उपवास चालू आहेत, तर शुक्रवारी मसुराच्या भाताचं पातेलं येतं. वर तळलेला कांदा, भरपूर.

६ मार्च

बातमी लिहून झाली. इवॉनबाईंना बोलावून वाचून दाखवली. त्यांचं नाव बदललंय, गल्लीचं दिलेलं नाही.

"नाव बदललंत हो, उस्ताद. पण दोरी?"

"दोऱ्या गावभर आहेत."

"दोऱ्या आहेत. तार असलेली एकच. तेवढं वाक्य काढा."

"कोणाला कळत नाही, बाई."

"नखलेला वाचता येतं!"

काढलं नाही. साडेपाचला पान जायचं होतं, आणि एवढ्या आकड्यांत चित्र असं तेवढंच. तीस वर्षं नव्या वार्ताहरांना हेच सांगत आलो — वाचकाला काहीतरी दाखवा.

८ मार्च

छापून आली. पहिलं पान. बैरुतहून संपादकांचा फोन — "दोरी झकास!"

९ मार्च

भर दुपारी नखलेच्या माणसांनी शिडी लावून तार कापली. माझी एक चादर चिखलात. मी वरून ओरडलो, तर शिडीवरचा हसला — "काका, बातमी फक्कड होती हं!"

इवॉनबाईंचा शिकवण्याचा आवाज आतून येतच होता. कळलं नसेल अजून बिचारीला. मग त्यांनी बाल्कनीचं दार लावून घेतलं. हाक मारली. त्यांनी पडदाही ओढला.

१३ मार्च

अबू तलाल घरी आला. बसला, कॉफी घेतली, माझ्या गुडघ्याची चौकशी केली. मग म्हणाला, "उस्ताद, एका गल्लीत दोन दर म्हणजे अन्याय, असं तुम्हीच लिहिलंत ना? आम्हाला पटलं. नखले आणि मी बसलो, बोललो. एक तारखेपासून दोन्हीकडे पस्तीस."

"हा न्याय?"

"समान झालं की नाही, सांगा!"

पायऱ्या उतरतानाही हसत होता.

१४ मार्च

मंत्रालयाचं पत्रक — दरांतली तफावत दूर झाल्याबद्दल समाधान! संपादकांना त्यावर दोनशे शब्द हवे होते. दिले. वेळेत.

१५ मार्च

इवॉनबाईंचे सगळे वर्ग बुडाले असणार. दोन महिन्यांचे पैसे पाकिटात घातले, नखलेकडे भरा म्हणून चिठ्ठी लिहिली, दाराखालून सरकवलं. संध्याकाळी पाकीट परत. न फोडलेलं. शुक्रवार होता काल — पातेलं आलं नाही. येणार कसं! माझ्या एका वाक्यापायी बाईची भाकरी गेली.

१८ मार्च

न्हाव्याकडे अबू तलाल शेजारच्या खुर्चीत. मी तोंड फिरवलं, तर आरशातून बोलला — "तुम्ही उगाच झुरताय, उस्ताद. बातमीची वाट कोणी पाहिली? बाई सहा तारखेलाच संध्याकाळी नखलेकडे गेल्या. म्हणाल्या, परवा पेपरात येणारच आहे, तर माझ्या तोंडून ऐका. त्याने तेव्हाच लाइन जोडून दिली. फुकट! बदल्यात बिलांच्या वसुलीचं काम."

सहा तारीख. संध्याकाळ. म्हणजे माझ्या घरून निघून थेट तिकडेच.

एक तारखेपासून दोन्ही बाजूंची वसुली इवॉनबाईच करणार. सुरुवात आमच्या जिन्यापासून.