हिरवी मंडळी आणि पप्पांची खंडेनवमी

२९ सप्टेंबर, सोमवार

नीला मॅडम आज तोंडावरच म्हणाल्या, "योगिनी, यावेळी निकाल आला नाही तर विषय बंद. मग तू सांडपाण्याच्या प्रोजेक्टवर." सांडपाणी! ताथवड्याच्या या लॅबमध्ये हिरवं शेवाळ पोटच्या पोरासारखं सांभाळलं, ते यासाठी?

प्रश्न साधा आहे. पेशीभोवतीची भिंत गेली की ते तिला कळतं का? मी म्हणते, कळतं! कळलं की ती लगेच नवी भिंत बांधायला घेते. आमच्या या शेवाळाच्या जातीत बांधकाम सुरू झालं की पेशी चमकते, म्हणून दिसतं तरी. भिंत विरघळवणारं एन्झाइम एकाच प्रयोगापुरतं उरलंय.

जेवताना पप्पांना समजावलं. "लगेच बांधकाम? आपल्या पिंपळे गुरवच्या बिल्डरला दाखव की!"

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी प्रयोग लावला. चंबू हलवणाऱ्या मशीनवर डावीकडे साधे, उजवीकडे एन्झाइमवाले. नावं नाही लिहिली. मला पाठ आहे!

तेवढ्यात पप्पा हजर — झेंडूची माळ, नारळ, हळदकुंकू. चाकणच्या कंपनीतून यंदाच रिटायर झाले. "खंडेनवमीला हात जोडायला एक मशीन न्हाई म्हंजे काय गं?" चेहरा एवढासा झालेला. नाही म्हणवेना.

मॅडमनी बोलावलं म्हणून जाऊन आले, तर मशीन नव्या नवरीसारखं! पुसून लख्ख, कुंकू, माळ. आणि फुल स्पीडला सोडलेलं! पप्पा हात जोडून उभे. "पूजा झाली की ट्रायल घ्यायची असती." मी किंचाळलेच.

दुपारी मोजलं. डावीकडचे साधे चमकले. उजवीकडचे एन्झाइमवाले ढिम्म. मेले मी.

३ ऑक्टोबर

मॅडम नाचायच्याच बाकी होत्या! "अगं, एन्झाइम खराब झालं असणार. पण नुसत्या हलवण्यानं साध्यांची भिंत फुटली आणि त्यांना ते कळलं! नवाच शोध!"

एन्झाइमवालेही तेवढेच हलले होते, मग ते का नाही चमकले? — हे मी विचारलं नाही. शोध लागत असताना कोण विचारतं!

६ ऑक्टोबर

साधे चंबू पुन्हा फुल स्पीडला. काही नाही.

माळ घालून पाहिलं. खरंच घातली! तरी काही नाही.

मॅडम: "उद्यापासून सांडपाणी." बाथरूममध्ये जाऊन रडले. पप्पांचा राग येतोय, आणि तो येतोय याची लाजही वाटतेय. घरी येऊन न जेवताच झोपले.

७ ऑक्टोबर

सकाळी पप्पा चहा घेऊन आले, घाबरत घाबरत. "मशीन खराब झालं का गं? मी तर नीट केलं होतं सगळं. चंबू पुढून उतरवले, मशीन पुसलं, मागं उभा होतो तर मागूनच लावले. पण डावीकडचे डाव्या हातालाच ठेवले, बरं का!"

मागून! त्यांचा डावा हात म्हणजे माझी उजवी बाजू! म्हणजे चमकले ते एन्झाइमवालेच. कळतं! त्यांना कळतं!! पप्पांना मिठी मारली, चहा सगळा गादीवर. मॅडमना फोन लावलाय, वाजतोय. पप्पा अजून विचारतायत, "चुकलं का काही?"