आखाजीची घागर

श्री

उंद्री, २० एप्रिल १९६४

तीर्थस्वरूप रंगरावदादांच्या सेवेशी, धाकट्या बहिणीचा, सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले, रुक्मिणीवहिनींच्या शेवयाही पोचल्या. एकटी राहू नकोस, मलकापूरला ये, असे तुम्ही लिहिता. येते म्हणायला जीभ रेटत नाही. ह्यांची भट्टी अजून बंद आहे.

पौषात अंगात ताप असताना ह्यांनी ती पेटवली, दार मातीने लिंपले आणि ती निवायच्या आत हे गेले. शेवटच्या दिवशी म्हणाले, "यंदाच्या उन्हाळ्यात तुले थंडगार पाणी पाजतो." तापात बरळतात असे समजून मी कपाळावरची पट्टी बदलली. आम्हा कुंभारांत ज्याने दार लिंपले त्यानेच ते फोडायचे असते. म्हणून कोणी हात लावत नाही.

दिवेलागणीला आतून आवाज येतो. हे भांडे पारखताना बोटाच्या पेराने वाजवत, दोनदा, मग जरा थांबून एकदा. अगदी तसाच. शेजारच्या बनाबाईंना ऐकवला तर त्यांनी माझ्यावरूनच मीठमोहऱ्या उतरवल्या. मला त्या आवाजाची भीती नाही दादा. तो थांबेल ह्याची आहे.

आता अक्षय्यतृतीया, ह्यांची पहिली आखाजी, आली. नव्या घागरीत त्यांच्या नावाने पाणी भरायचे, आणि घागर पाझरली तरच ते पोचले म्हणायचे. फळीवर इतकी भांडी आहेत, पण सगळी काचेचा मुलामा दिलेली. एकही पाझरणार नाही. काय करू ते कळवावे. बहिणीवरची माया उन्हाने आटू देऊ नये.

आपली,
सत्यभामा

॥ श्री ॥

मलकापूर, २८ एप्रिल १९६४

चि. सत्यभामा हिस रंगरावचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या नावामागे सवयीने सौ. लिहिले आणि खोडले. गं. भा. लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतीच चिरंजीव. रागावू नकोस.

त्या आवाजाचे मनावर घेऊ नको. काच महिनोन्‌महिने तडकत राहते, हे मला तुझ्या शालिग्रामनेच सांगितले होते. कपाशीच्या पऱ्हाटीची राख आणि लोणारच्या तळ्याचा खार कालवून त्याने तो हिरवा रंग काढला, तेव्हा माझ्या कानाशी वाडगा धरून तासभर बसवले होते मला. चहा गार झाला, पण पठ्ठ्याने हलू दिले नाही. असा हात साऱ्या जिल्ह्यात नव्हता, आणि तुमच्या गावाने काय केले? पाटील हिंमतरावांनी त्याच्या फुलदाणीत चिलीम झाडली. लोणच्यालासुद्धा लोक इथल्या बाजारातून बरण्या नेत. पाणी थंड करत नाही ते मडके कसले, म्हणून सगळे हसले. तूही काही कमी नव्हतीस. दुसऱ्यांच्या घरी घागर पाझरते, आमच्या घरी मीच घामाघूम होते, असे म्हणून त्याला चिडवायचीस. तो मान खाली घालून हसायचा.

आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आखाजीआधी रजा नाही. तुझा पुतण्या सहदेव परवा इथे आला होता. त्याच्याबरोबर बाजारची घागर देतो. भट्टीही तोच फोडेल. मागून मी न्यायला येतो. बंद दारापाशी कान लावून जन्म काढता येत नाही, बाई. वहिनीने तुझे अंथरूण खिडकीशी घातले आहे. सर्वांची आठवण असू दे.

तुझा दादा,
रंगराव

श्री

उंद्री, १६ मे १९६४

तीर्थस्वरूप दादांस, सत्यभामेचा शि. सा. न. वि. वि.

सहदेव घागर आणि पहार घेऊन आला. तुमची घागर चांगली आहे, पण कुंभाराच्या घरी कुंभाराला परक्या मडक्यात पाणी द्यायचे, हे मनाला पटेना. त्याने पहार उचलली तशी मी त्याच्या हातून घेतली. ह्यांना तापात वाकवत नव्हते, म्हणून दाराचा चिखल मीच कालवून दिला होता. तेव्हा त्या दारावर अर्धा हात माझा होता. त्या अर्ध्या हाताने मी ते फोडले. फोडताना खूप रडले.

आत हिरवी भांडी होती, सगळी धड. आणि अगदी दाराशी, जिथे आच सर्वांत कमी लागते, तिथे एक साधी तांबडी घागर. सहदेव म्हणाला, "काकू, ही एकच बिनकाचेची काऊन ठेवली काकानं?" थंडगार पाणी पाजतो म्हणाले होते, ते हिच्यातलेच. ज्याला जन्मभर लोक हसले त्या माणसाने जाता जाता माझ्यासाठी हरायचे ठरवले होते, आणि मी नुसती पट्टी बदलली.

आखाजीला तीच भरली. दुपारपर्यंत खालची रेती ओली झाली. अर्धे पाणी त्यांच्या नावाने सोडले, उरलेल्यातले मी प्यायले.

भट्टी फोडल्यापासून आवाज नव्हता. संध्याकाळी घर इतके गप्प झाले की राहवेना. घागर रिकामी करून पालथी घातली आणि त्यांच्यासारखी पेराने वाजवली, दोनदा. तिसऱ्यांदा हात उचललाच नाही, दादा. पण तिसऱ्यांदा ती वाजली. काच तडकते म्हणाल, तर तिला काच नाही.

मला न्यायला येऊ नये. वहिनींना घेऊन राहायला यावे. अंथरूण मीही खिडकीशी घालते, आणि आता आमच्याकडे पाणी गार असते.

आपली,
सत्यभामा