चीनपर्यंत पोचलो आणि दिवस मावळला

बोरगाव, मंगळवार

तीर्थरूप धरणेंद्रमामांस वृषभचा जय जिनेंद्र. बेळगावच्या थंडीत तुमचा गुडघा कसा आहे? मामींचं व्रत निर्विघ्न पार पडलं असेल. (फोनवर तुम्ही मध्येच बोलता, म्हणून पत्र.) इकडे सगळे बरे आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही. त्याला कारण तुम्ही आहात, हे आदरपूर्वक कळवतो.

“मुलीच्या बापापुढं मुका बसू नको, सामान्यज्ञान दाखव,” असं तुम्हीच म्हणाला होता. म्हणून रविवारी चिकोडीच्या सन्मतीला बघायला जाण्याआधी मी मोबाइलवरून देशोदेशीच्या सैन्यांचे आकडे पाठ केले (तुम्ही सैन्यात होता, कारकून का असेनात, ह्या अभिमानाने). तिचे वडील नागेंद्रआप्पा हवाई दलातून निवृत्त झालेत, हे सांगायला मात्र तुम्ही विसरलात. आपल्या पायदळ-तोफखान्यात मिळून बारा लाखांच्या आसपास माणसं आणि हवाई दलात जेमतेम दीड लाख, म्हणजे ताटातलं लोणचंच की, असं मी बोलून गेलो. आप्पांनी कप खाली ठेवला. “व्हय का? मग त्या बारा लाखांस्नी बर्फात रेशन कोण टाकतंय?”

मग मी रशियाचं पायदळ काढलं, त्यांनी अमेरिकेची विमानं काढली. राखीव सैन्य मोजायचं की नाही, यावर पाऊण तास गेला. आइसलँडला सैन्यच नाही, हेही मी सांगितलं (कोणी विचारलं नव्हतं). सन्मतीची आई तीनदा “पानं वाढल्यात” म्हणून गेली. आप्पा म्हणाले, “चीन झाल्याबिगर उठायचं न्हाय.” चीन झाला तेव्हा अंगणात दिवा लागला होता.

दिवस मावळल्यावर आपल्या घरांत घास नाही, हे तुम्हाला काय सांगायचं! पुरणपोळ्या, कटाची आमटी, सगळं झाकून राहिलं. नऊ माणसं उपाशी. त्यात सन्मतीच्या आजीचं एकाशन. दिवसाचं ते एकच जेवण पाहुण्यांबरोबर घ्यायचं म्हणून ती थांबली होती. पाणीसुद्धा न पिता ती मला “सुखी राहा रं बाळा” म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिळं चालत नाही म्हणून सगळा स्वयंपाक शेजारच्या नागोजींकडे (त्यांना रात्रीचं चालतं) गेला आणि ते पोटभर जेवले. मामा, सन्मती मला मनापासून आवडली आहे. पण दोन दिवस झाले, तिकडून काही निरोप नाही.

आपला आज्ञाधारक (हाच घात झाला),
वृषभ

ता. क. खरं काम असं की, तुम्ही चिकोडीला जाऊन आप्पांची माझ्यातर्फे क्षमा मागा. गुडघा दुखत असला तरी जा. सैन्याचा विषय काढू नका.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना सन्मतीचा मेसेज आला: “आइसलँडला सैन्य न्हाय, कळलं. पण तिथं उन्हाळ्यात मध्यरात्रीपतूर उजेड असतोय, हे न्हाय वाचलं व्हय? लग्नानंतर आप्पास्नी घेऊन तिकडंच भांडायला जावा. ह्या रविवारी दुपारी बाराला जेवायला या. आजी म्हणत्यात, आधी जेवण, मग चीन.”

मामा, तुम्ही आता घरीच गुडघा शेकत बसा.