नव्या वावरातली चूल

हिंगणघाट, ता. ४ मार्च १९३६

चि. गं. भा. रंगूबाईस दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे मी, तुझी वहिनी गोजरा, मारोती, सूनबाई व नातवंडं खुशाल आहोत. तुझी खुशाली लिहीत जावी.

तुझ्या गावाजवळचं ते वावर घेतल्यापासून मला घास गोड लागत नाही. तीस वर्षं जिनात दुसऱ्याचा कापूस तोलला, आता म्हातारपणी आपला पेरायला निघालो. लोक हसतात. जऊळक्यात तू आहेस म्हणूनच हे धाडस केलं, नाहीतर या वयात कोण बिऱ्हाड उचलतो? तू माती हातात घेऊन चांगली म्हणालीस आणि मी सही केली. तुझे उपकार कसे फेडू, कळत नाही.

आम्ही अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आत येऊ म्हणतो. तोवर वावरातल्या घराच्या छपरावरचे कवेलू फेरून घे. विहिरीवर नवा दोर लाव. उंदरांची बिळं बुजव. मानोऱ्याकडच्या तांड्यातला फुलसिंग सालदार म्हणून येतो म्हणतेस, तो बैलांना मारत नाही ना, हे दोनदा विचार. चूलही मांडून ठेव. गोजराचे गुडघे दुखतात, आल्याबरोबर तिला मातीत बसायला नको. तिकडे साप फार निघतात काय? विहिरीचं पाणी मचूळ तर नाही? उत्तर लवकर पाठव. माया आहे ती पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा,
उकंडराव

जऊळका, ता. १४ मार्च १९३६

ती. दादास रंगूचा शिरसाष्टांग नमस्कार. पत्र शाळेचे मास्तर लिहून देत आहेत. तुझ्या चार पत्रांत मिळून एकतीस प्रश्न निघाले, असं मास्तर म्हणतात. त्यांनी मोजले.

साप आहेत, पण तुझी वाट पाहत बसलेले नाहीत. पाणी गोड आहे. फुलसिंग बैलांना मारत नाही. त्यानं उलट मला विचारलं की मालक माणसांवर खेकसतो काय? मी सांगितलं, तो फक्त स्वतःवर खेकसतो, तुला वेळ मिळणार नाही.

कवेलू फेरले. चूलही मांडली. नाल्याकाठची चिकण माती आणली, भुसा घालून दोन दिवस तुडवली, वरून पांढऱ्या मातीचा हात दिला. फुलसिंगची बायको रुपाबाई पाहून गेली, चांगली झाली म्हणाली.

दादा, माझे घरधनी गेल्यापासून दर दिवाळीला तुझं लुगडं येतं. बारा वर्षं मी नुसती घेतच आले. मी दिराच्या ओसरीत राहते, द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं. या महिन्यात हाताला काम मिळालं. वहिनीला नमस्कार सांग. लेकरांना गोड पापा. आठवण ठेवशील, तेवढंच मागते.

तुझी रंगू

हिंगणघाट, ता. २३ मार्च १९३६

चि. रंगूस आशीर्वाद. माझ्या हातून मोठी चूक झाली. तुझं पत्र मी कौतुकानं घरात मोठ्यानं वाचलं. चुलीचं आलं तसे गोजराचे हात थांबले. ती भांडी गाठोड्यात बांधत होती, ती एकेक करून पुन्हा फळीवर मांडली.

मी काहून म्हणून विचारलं, तर म्हणाली की नव्या घराची चूल घरची बाई मांडते, ज्या बाईनं मांडली तिचं ते घर. आपण पाहुणे म्हणून जाऊ, चार दिवस राहू आणि पाहुण्यांसारखे परत येऊ. मग हळूच हेही म्हणाली की पहिली चूल सवाशिणीच्या हातची लागते. हे तुला लिहू नये, असं वाटतं. पण न लिहून करू काय? जिनातलं काम सोडलं, खोलीही दुसऱ्याला कबूल केली, आणि घरची बाई येत नाही म्हणते. तिच्याविना मी त्या वावरात काय करू?

बाई, ती चूल मोड. मीच मांडायला सांगितली, आता मीच मोडायला सांगतो. दोष माझा आहे, तुझा नाही. रागावू नको.

उकंडराव

जऊळका, ता. ३० मार्च १९३६

ती. दादास नमस्कार. पत्र आलं त्याच दिवशी चूल मोडली. जागा सारवून घेतली. माती टाकली नाही, ओल्या पोत्याखाली झाकून ठेवली आहे, वहिनीला नव्यानं तुडवावी लागणार नाही. वहिनीचं बरोबर आहे. हे तुझ्या नाही तर माझ्या तरी ध्यानात यायला हवं होतं. हौसेपायी विसरले.

तुम्ही उतराल त्या दिवशी मी मानोऱ्याला भाचीकडे जाईन. नव्या चुलीवर दूध उतू गेलं की मग येईन, म्हणजे कोणाच्या मनात काही राहणार नाही. स्टेशनावर फुलसिंग गाडी घेऊन येईल. काळजी कमी कर, एवढं माझं ऐक.

रंगू

ता. क. हे मी मास्तर माझ्या मनानं लिहितो. बाई पत्र सांगताना मधेच दोनदा पाणी प्यायला उठल्या. दोन्ही वेळा न पिताच परत आल्या.

हिंगणघाट, ता. ६ एप्रिल १९३६

चि. रंगूस आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं, मास्तरांची ओळही वाचली. गोजरानं ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग दौत माझ्यापुढे सरकवून म्हणाली की मी सांगते तसं लिहा, आपलं शहाणपण मधात घालू नका. तर हे तिचे शब्द:

रंगूबाई, मले राग आला होता, तो माझ्या नवऱ्याचा होता, तुह्यावर निघाला. तीस वर्सं या खोलीत कोळशाच्या शेगडीवर रांधलं. मातीची चूल मांडाची कशी, हे मीच भुलली. तुही माती हाय, तुहाच हात पायजे. चूल मी मांडतो, तिच्या बाजूची वैल तू मांड. जाळ एकच लागते, भांडे दोन शिजतात. सवाशीण आन् बिनसवाशीण मी बोलली, ते माही जीभ बोलली. भाचीकडे कायले जातं? आता दिराच्या ओसरीत राहू नको, आपलं गाठोडं वावरात आणून ठेव. आन् आयक, स्टेशनावर तू सोता ये. तू दिसली नाहीस त मी जऊळक्याले उतरत नाही, गाडी नेईल तिथं जातो, वाशीम, नाही त हिंगोली.

एवढं तिनं सांगितलं. भांडी पुन्हा गाठोड्यात गेली आहेत. देवानं मला अशी बायको आणि अशी बहीण दिली, याहून जास्त काही मागायचं धाडस होत नाही. आम्ही अखाजीच्या आदल्या दिवशी अकोल्यावरून दुपारच्या गाडीनं येतो. मास्तरांना माझा नमस्कार सांग.

रंगू, नक्की ये. ती बोलली तसं करणारी बाई आहे, आणि मी तिकिटं जऊळक्यापर्यंतचीच काढणार आहे.

तुझा दादा,
उकंडराव